वऱ्हाडातील अवर्षण, वणवे व धुरके

पावसाळ्याच्या चार महिन्यांत अपेक्षित पर्जन्य न होणे किंवा त्यात दीर्घ खंड पडणे यास अवर्षण म्हणतात. वनातील वा शेतातील आगींचा धूर आणि राखेचे सूक्ष्म कण जमिनीलगतच्या हवेत साचून दृश्यता कमी झाली, म्हणजे धुरके पडले असे म्हणतात. उष्ण कटिबंधातील काही प्रदेशांत, विशेषतः इंडोनेशियातील सुमात्रा व कालिमांतान या भागांत, या दोन्ही घटना एकाच ऋतूत घडतात. वऱ्हाडात मात्र त्यांच्यात काही महिन्यांचे अंतर असते. पाऊस ओढ देतो तो जुलै ते सप्टेंबर या काळात आणि सातपुड्याचे डोंगर पेटतात ते त्यापुढील फेब्रुवारी ते जून या काळात. या अंतरामुळे अवर्षण हा महसूल प्रशासनाचा आणि वणवा हा वन प्रशासनाचा विषय ठरला व दोहोंच्या नोंदी वेगवेगळ्या दप्तरांत राहिल्या. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या गावांच्या दृष्टीने मात्र या एकाच संकटाच्या दोन अवस्था आहेत. पहिलीत शेत जाते आणि दुसरीत शेत गेल्यावर ज्याचा आधार घ्यावयाचा ते वन जळते.

प्रदेश : वऱ्हाडात सांप्रतच्या अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा व यवतमाळ या जिल्ह्यांचा समावेश होतो. भूरचनेच्या दृष्टीने त्याचे तीन भाग पडतात. उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगांचा मेळघाट, मध्यभागी पूर्णा नदीच्या खोऱ्याचा सखल पायनघाट आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरांचा बालाघाट. पायनघाटातील काळी, खोल व ओल धरून ठेवणारी जमीन ही या प्रांताच्या समृद्धीचा पाया मानली जाते. तथापि पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील बऱ्याच मोठ्या क्षेत्रात भूजल खारे आहे. या ‘खारपाण पट्ट्या’त विहिरीचे पाणी पिण्यास व ओलितास योग्य नसल्याने पावसाचे महत्त्व इतर ठिकाणांहून अधिक असते.

हिवरखेड हे अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील मोठे गाव सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात असून अकोला–खांडवा या जुन्या मीटरमापी लोहमार्गावरील ते एक स्थानक होते. याच नावाचे दुसरे गाव अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात, तेही सातपुड्याच्या बाजूस, आहे. हिवर हा कोरड्या हवेत तग धरणारा काटेरी वृक्ष असून प्रदेशाच्या हवामानाची खूण अशा ग्रामनामांत टिकून राहिली आहे. तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडच्या उत्तरेस वान नदीच्या वरच्या खोऱ्यातील वने आहेत. पूर्वेस अकोटच्या उत्तरेला नरनाळ्याचा किल्ला येतो. डोंगरातून उतरणाऱ्या वान, शहानूर इ. नद्यांनी पायथ्याशी दगडगोटे व वाळू यांचे जाड थर पसरले असून त्यांत पाणी चांगले मुरते. म्हणून या अरुंद पट्ट्यात गोड्या पाण्याच्या विहिरी व बागायत आढळते. डोंगरावरील वनांचे आच्छादन आणि पायथ्याच्या विहिरींची पातळी यांचा संबंध येथे निकटचा आहे. वणव्याने उघड्या पडलेल्या उतारावरून पहिल्या सरींचे पाणी माती घेऊन वेगाने वाहून जाते व मुरण्यास अवधी मिळत नाही.

पर्जन्याचे स्वरूप : अकोल्याच्या परिसरात वर्षाला सरासरी सु. ७५ ते ८५ सेंमी. पाऊस पडतो. सु. १,१०० मी. उंचीवरील चिखलदऱ्यास हे प्रमाण जवळजवळ दुप्पट असते. वर्षाच्या एकूण पावसापैकी सु. ८५ टक्के पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये येतो. अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांची बरीचशी आर्द्रता सह्याद्रीवर खर्ची पडत असल्याने वऱ्हाडातील चांगला पाऊस मुख्यतः बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन मध्य भारतावरून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर अवलंबून असतो. गंगेच्या मैदानावर पसरलेला कमी दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला, म्हणजे ही क्षेत्रे मध्य भारताकडे येत नाहीत आणि पावसात खंड पडतो. आकाश निरभ्र किंवा विरळ ढगांचे राहते, वारा कोरडा वाहतो आणि काळ्या जमिनीस भेगा पडू लागतात.

शेतकऱ्याच्या हिशेबात हा खंड नक्षत्रांवरून मोजला जातो. मृगाची पेरणी साधली आणि आर्द्रा, पुनर्वसू कोरडी गेली, तर दुबार पेरणी करावी लागते. मघा व पूर्वा ही नक्षत्रे कोरडी गेली, तर कपाशीची पाती-फुले गळतात व ज्वारी निसवण्यापूर्वीच वाळते. हस्ताचा पाऊस चुकला, तर खारपाण पट्ट्यातील हरभऱ्यास लागणारी ओल मिळत नाही. त्यामुळे पावसाची वार्षिक बेरीज सरासरीच्या जवळ असूनही पीक बुडाल्याची वर्षे वऱ्हाडात आढळतात. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतातील एकूण पर्जन्य सरासरीपेक्षा सु. ३६ टक्के कमी होते व १९०१ पासूनच्या नोंदींतील तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षीच्या संपूर्ण पावसाळ्याची तूट मात्र केवळ ६ टक्के होती. नुसत्या बेरजेवरून अवर्षणाची कल्पना येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

दुष्काळांचा इतिहास : दख्खनमध्ये चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने प्रसिद्ध आहे. १६३०–३२ या काळात गुजरात व दख्खन यांमध्ये भीषण दुष्काळ पडला. मोगल व दख्खनी फौजांच्या हालचालींमुळे त्याची तीव्रता वाढली. १८०३ च्या सुमारास इंग्रज-मराठे युद्ध आणि पावसाची ओढ ही दोन्ही संकटे दख्खनवर एकाच वेळी आली. डिसेंबर १८०३ मध्ये गाविलगड इंग्रजांनी जिंकला व देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे गेला. १८५३ च्या तहान्वये निजामाने तो इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिला.

यानंतरच्या अर्धशतकात वऱ्हाडची अर्थव्यवस्था झपाट्याने पालटली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडमधील गिरण्यांना कापसाचा तुटवडा पडला आणि वऱ्हाडी कापसाला मागणी वाढली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. काळी जमीन, रोख पीक आणि रेल्वे या तिहींमुळे वऱ्हाड हा दुष्काळाच्या दृष्टीने सुरक्षित प्रांत समजला जाऊ लागला. १८७६–७८ च्या महादुष्काळानंतर स्ट्रॅची आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला व त्यावरून दुष्काळ-निवारण संहिता तयार झाल्या. या संहितांत कामावर मजुरी, अपंगांस धर्मादाय अन्न, शेतसाऱ्याची तहकुबी आणि राखीव वने चराईस व कंदमुळे गोळा करण्यास खुली करणे अशी तरतूद होती.

या समजाची कसोटी १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांत लागली. १८९६ मध्ये पाऊस लवकर थांबला. धान्याचे भाव चढले, परंतु वऱ्हाडाने ते वर्ष कसेबसे निभावून नेले. १८९९ मध्ये मात्र मध्य व पश्चिम भारताच्या फार मोठ्या क्षेत्रात मॉन्सून जवळजवळ फसला. विक्रम संवत १९५६ मध्ये पडल्यामुळे राजस्थान-गुजरातेत हा दुष्काळ ‘छप्पनिया’ या नावाने ओळखला जातो. वऱ्हाडात धान्याबरोबरच कडबा व पाणी यांचाही तुटवडा झाला आणि गुरे मोठ्या संख्येने मेली. गुरांच्या नाशाने पुढील हंगामाची मशागत अडली. रेल्वेने बाहेरचे धान्य आणता आले. तथापि ते विकत घेण्यासाठी लागणारी मजुरी शेते ओस पडल्याने बंद झाली होती. कापूस पिकविणाऱ्या प्रांतात दुष्काळ धान्याच्या अभावाइतकाच रोजगाराच्या अभावाचाही असतो, हे या वेळी उघड झाले. खडी फोडणे, रस्ते बांधणे, तळी खोदणे यांसारखी कामे काढण्यात आली. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सु. २८.९७ लाख होती. ती १९०१ मध्ये सु. २७.५४ लाख, म्हणजे सु. ५ टक्क्यांनी कमी, झाली. या घटीमध्ये साथीचे रोग व स्थलांतर यांचाही वाटा होता. मेळघाटातील घट प्रमाणाने याहून अधिक होती. वन जवळ असणे म्हणजे दुष्काळापासून संरक्षण, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

१९१८ मध्ये पाऊस पुन्हा फसला आणि त्याच वर्षी इन्फ्ल्यूएंझाच्या साथीने उपासमारीने क्षीण झालेल्या लोकसंख्येवर आघात केला. स्वातंत्र्योत्तर काळात १९७२–७३ च्या दुष्काळाची झळ पश्चिम महाराष्ट्र व मराठवाडा यांच्या मानाने विदर्भास कमी बसली. तथापि त्यातून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेचा लाभ सर्वच प्रदेशांस झाला. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रूढ झालेल्या या योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्यानंतरच्या १९८७, २००२, २००९, २०१४ व २०१५ या तुटीच्या वर्षांत उपासमारीने मृत्यू ओढवण्याचे प्रसंग पूर्वीप्रमाणे सार्वत्रिक राहिले नाहीत. त्यांची जागा कर्जबाजारीपणा, पिण्याच्या पाण्याचे दुर्भिक्ष आणि चाऱ्याची टंचाई यांनी घेतली.

वने व वणवे : मेळघाटातील वने उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी प्रकारची असून सागवान हा त्यांतील प्रमुख वृक्ष आहे. हिवाळा संपताना पानगळ सुरू होते व मार्च-एप्रिलपर्यंत जमिनीवर वाळलेल्या पानांचा आणि गवताचा जाड थर साचतो. विजेमुळे आग लागणे येथे क्वचितच संभवते. बहुतेक सर्व वणवे मानवी कारणांनी लागतात. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालील पालापाचोळा पेटविणे, तेंदूस कोवळी पालवी फुटावी किंवा गुरांना ताजे गवत मिळावे म्हणून आग लावणे, शेताच्या धुऱ्यावरील आग वनात शिरणे, वाटसरूंनी टाकलेली विडी इ. त्यांची नेहमीची कारणे होत.

मेळघाटातील कोरकू लोक पूर्वी फिरती शेती करीत. उतारावरील झाडझुडपे तोडून, उन्हाळ्यात वाळवून ती जाळीत आणि राखेत कुटकी, सावा यांसारखी तृणधान्ये पेरीत. दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडून देत. इंग्रजी अंमलात लोहमार्गाच्या लाकडी शिळांसाठी सागवान व इतर लाकडास मोठी मागणी निर्माण झाली आणि राखीव वनांची कल्पना पुढे आली. सातपुड्याच्याच रांगेत, सांप्रतच्या मध्य प्रदेशातील बोरी वनाचे १८६५ मध्ये आरक्षण झाले. तेथे जी. एफ्. पिअर्सन यांनी वणव्यापासून संपूर्ण वन राखण्याचा जो प्रयोग केला, तो भारतीय वनव्यवस्थेत आदर्श मानला गेला. वनाच्या सीमेवर व अंतर्भागात ठराविक रुंदीचे पट्टे साफ करून ते उन्हाळ्याआधी नियंत्रित रीतीने जाळणे, ही जाळरेषेची पद्धत तेव्हापासून आजतागायत रूढ आहे. मेळघाटातही आरक्षण होऊन फिरत्या शेतीस आळा बसला.

या धोरणाच्या यशाविषयी तज्ञांत मतभेद होते. ब्रह्मदेशातील सागवनांत आग पूर्णपणे बंद केल्यावर सागाचे नैसर्गिक पुनरुज्जीवन मंदावते व साचलेल्या पाचोळ्यामुळे पुढे लागणारा वणवा अधिक उग्र होतो, असे विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील काही वनाधिकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यावरून हंगामाच्या सुरुवातीस, ओल शिल्लक असतानाच, सौम्य आग लावून इंधन कमी करण्याची कल्पना मांडली गेली. म्हणजे जे ज्ञान वनवासींच्या व्यवहारात ओबडधोबड स्वरूपात होते, त्याचाच काही अंश शास्त्रीय रूपात परत आला. कायद्याची दिशा मात्र प्रतिबंधाचीच राहिली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ अन्वये राखीव वनास आग लावणे हा गुन्हा आहे आणि कलम ७९ अन्वये वनात हक्क-सवलती उपभोगणाऱ्यांवर आग विझविण्यास साहाय्य करण्याचे बंधन आहे. वनाच्या उपजावर व व्यवस्थापनावर ज्यांचा अधिकार मर्यादित होता, त्यांच्यावर ते वाचविण्याचे दायित्व अशा रीतीने टाकले गेले.

१९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाचा समावेश होता. पुढे वान, नरनाळा व अंबाबरवा ही अभयारण्ये १९९७ मध्ये घोषित झाली. अंतर्भागातील बोरी, कोहा, कुंड इ. गावांचे पुनर्वसन अकोटच्या बाजूच्या मैदानात करण्यात आले. नंतरच्या काळात आणखी काही गावे अकोट व तेल्हारा तालुक्यांत आली. उठलेल्या गावांच्या शेतजमिनीवर कुरणे तयार होऊन हरणे, गवे यांसारख्या तृणभक्षक प्राण्यांस चारा मिळाला. त्याचबरोबर उन्हाळ्यात पेटू शकणाऱ्या गवताचे क्षेत्रही वाढले.

अवर्षण व वणवा यांचा संबंध : पाऊस कमी म्हणजे वणवे अधिक, असे सरळ समीकरण येथे मांडता येत नाही. गवताळ जागी पाऊस कमी पडल्यास गवतच कमी वाढते व जळण्यास इंधन कमी राहते. चांगल्या पावसाळ्यानंतर आलेला कोरडा, कडक उन्हाळा अशा जागी अधिक धोक्याचा असतो. दाट वृक्षांच्या भागात मात्र अवर्षणाच्या वर्षी जमिनीतील ओल लवकर संपते, पानगळ लवकर होते, ओढ्यानाल्यांतील पाणी आटते व त्यांच्या काठची हिरवी झाडी आग अडविण्यास असमर्थ ठरते. वणव्याचा काळ त्यामुळे लांबतो.

याहून महत्त्वाचा दुवा मनुष्याच्या व्यवहारातून जातो. पीक बुडालेल्या वर्षी पायथ्याच्या गावांतील गुरे चाऱ्यासाठी डोंगरात अधिक संख्येने जातात. मोह, चारोळी, तेंदू, डिंक यांच्या गोळा करण्यावर अधिक कुटुंबांचे पोट अवलंबते आणि वनातील वर्दळ नेमकी सर्वांत कोरड्या महिन्यांत वाढते. दुष्काळ-निवारण संहितेने वने चराईस खुली करण्याची तरतूद केली, ती माणूस व गुरे जगविण्याच्या दृष्टीने आवश्यकच होती. परंतु त्या वर्दळीबरोबर येणाऱ्या आगीचा विचार वेगळ्या दप्तरात राहिला. वनांतील वणव्यांचा वाढता धोका हा अशा रीतीने बऱ्याच अंशी आधीच्या पावसाळ्यात शेतात काय घडले याचाच परिणाम असतो.

धुरके : सातपुड्यातील वणवे बहुधा जमिनीलगतचे असतात. ते पाचोळा, गवत व रोपटी जाळतात. सागासारखे जाड सालीचे मोठे वृक्ष सहसा वाचतात, परंतु नवी पिढी नष्ट होते. रात्री डोंगरावरील हवा थंड व जड होऊन उताराने दरीत व पायथ्याकडे उतरते आणि तिच्याबरोबर धूरही येतो. जमिनीलगत थंड व तिच्यावर उबदार हवेचा थर तयार झाल्यास धूर वर जाऊ शकत नाही. पहाटे पायथ्याच्या गावांवर करड्या रंगाचा पडदा दिसतो व डोंगराची कड अंधुक होते. ऊन तापल्यावर हवेत उभे प्रवाह सुरू होऊन तो विरळ होतो. अकोल्याच्या परिसरात उन्हाळ्यात ४७° से. पेक्षाही जास्त तापमान नोंदले गेले आहे. अशा वेळी धुळीची भर पडून दुपारीही आकाश धूसर राहते.

मैदानातील आगींची यात भर पडते. वेचणी संपल्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या व तुरीच्या तुराट्या पूर्वी घरोघर चुलीचे जळण म्हणून, तसेच कुडाच्या भिंतींसाठी वापरीत. स्वयंपाकाच्या वायूचा प्रसार झाल्यावर हे उपयोग कमी झाले आणि उन्हाळी नांगरणीपूर्वी त्या बांधावर किंवा शेतातच जाळण्याचे प्रमाण वाढले. गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम तोडण्यासाठी कपाशीचे अवशेष वेळेवर काढून टाकावेत, ही कृषितज्ञांची शिफारसही अनेकदा आग लावूनच पाळली जाते. वस्तुतः पऱ्हाट्यांचा यंत्राने भुगा करून त्याचे खत करणे शक्य आहे. हिवाळ्यातील धुवारी, म्हणजे तुरीचा बहर गाळणारे दाट धुके, आणि आगीचे धुरके यांत लोकव्यवहारात पुष्कळदा गल्लत होते. पहिले जलकणांचे असते, तर दुसरे मुख्यतः कार्बनी कणांचे असते व श्वसनमार्गास अपायकारक असते. चुलीच्या धुरात आधीच वावरणाऱ्या स्त्रिया, लहान मुले आणि दम्याचे रुग्ण यांना त्याचा त्रास अधिक होतो.

आग्नेय आशियाशी तुलना केल्यास वऱ्हाडातील धुरक्याचे स्वरूप स्पष्ट होते. सुमात्रा व कालिमांतान येथील दलदलीच्या प्रदेशात अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे, म्हणजे पीटचे, अनेक मीटर जाडीचे थर आहेत. लागवडीसाठी चर खणून ते कोरडे केल्यावर लागलेली आग जमिनीखाली महिनोन्‌महिने धुमसत राहते. १९९७ व २०१५ या वर्षी तिच्या धुराने सिंगापूर व मलेशियादेखील झाकोळून गेले. त्या भागातील राष्ट्रांनी २००२ मध्ये सीमापार धुरक्याविषयी करार केला. इंडोनेशियाने त्यास २०१४ मध्ये मान्यता दिली. वऱ्हाडातील आग पीटच्या अभावी काही तासांत वा दिवसांत संपते आणि पहिल्या दमदार पावसाने आकाश धुतले जाते. येथील धुरके त्यामुळे अल्पजीवी असते व त्याचा राजकीय प्रश्न झाला नाही. तथापि ते दरवर्षी येते.

पॅसिफिक महासागराचे विषुववृत्तीय पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या एल् निन्यो या घटनेशी दोन्ही प्रदेशांचे भाग्य जोडलेले आहे. १८७७, १८९९, १९१८, १९७२, १९८७, २००२, २००९, २०१५ व २०२३ ही एल् निन्योची वर्षे भारतात तुटीची ठरली. तथापि हा संबंध अटळ नाही. १९९७ मध्ये एल् निन्यो अतिशय तीव्र असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराचा पश्चिम भाग उबदार व सुमात्रालगतचा पूर्व भाग थंड होण्याच्या स्थितीमुळे हे घडले, असे मानले जाते. ज्या स्थितीने भारतास तारले, तिनेच सुमात्रावरील पाऊस हिरावून तेथील आगींना वाव दिला. २०१९ मध्येही भारतात सरासरीपेक्षा सु. १० टक्के अधिक पाऊस झाला आणि इंडोनेशियात धुरके पसरले.

धुराचा पावसावर होणारा परिणाम हाही अभ्यासाचा विषय आहे. १९९९ च्या आरंभी हिंदी महासागरावर झालेल्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत दक्षिण आशियावरून समुद्राकडे पसरणारा धूसर थर मोजण्यात आला. व्ही. रामनाथन प्रभृती शास्त्रज्ञांच्या मते हा थर सूर्यप्रकाश अडवून समुद्रपृष्ठ थंड राखतो, बाष्पीभवन घटवितो व मॉन्सून दुर्बल करू शकतो. उलट काळे कण हवा तापवून पावसाळ्याच्या सुरुवातीस मॉन्सूनला चालना देतात, असेही प्रतिपादन झाले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २००९ पासून विमानांच्या साहाय्याने ढग व वायुकलिले (हवेतील तरंगते सूक्ष्म कण) यांची निरीक्षणे केली आहेत.

अंदाज व उपाययोजना : भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६ मध्ये हिमालयातील हिमवृष्टीवरून मॉन्सूनचा पहिला दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध केला. १८९९ चे संकट मात्र तत्कालीन पद्धतीने ओळखता आले नाही. १९०४ मध्ये प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदींचे परस्परसंबंध तपासून दक्षिणी आंदोलनाची कल्पना मांडली. दुष्काळाच्या चिंतेतून हवामानशास्त्राला मिळालेली ही एक महत्त्वाची देणगी होय.

वणव्यांबाबत महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ आगीचा हंगाम म्हणून पाळला जातो. या काळात जाळरेषा साफ ठेवतात, आगरक्षक नेमतात व टेहळणी करतात. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांवरून आगीची ठिकाणे कळविते. तिचे इशारे वनरक्षकाच्या दूरध्वनीपर्यंत पोहोचतात. उपग्रह आग दाखवितो. ती विझविण्यास हिरव्या फांद्यांचे झोडपे घेऊन डोंगर चढणारी माणसेच लागतात आणि ती बहुधा जवळच्याच गावांतून येतात.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. १९२७ च्या अधिनियमातील बंधनाची दुसरी, हक्काची, बाजू त्यामुळे प्रथमच पूर्ण झाली. अमरावती जिल्ह्याच्या अचलपूर तालुक्यातील पायविहीर या मेळघाटाच्या पायथ्याच्या गावाने उजाड डोंगरावर वन उभे केले, सीताफळाच्या विक्रीतून उत्पन्न मिळविले आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळविला. ज्या वनापासून दुष्काळी वर्षातही उत्पन्न मिळण्याची शाश्वती असते, ते आगीपासून राखण्यास गाव स्वतः पुढे येते, असा या उदाहरणाचा अर्थ आहे.

वान नदीवरील हनुमान सागर व शहानूर या धरणांमुळे पायथ्याच्या तसेच खारपाण पट्ट्यातील गावांना पिण्याचे गोडे पाणी व काही क्षेत्रास ओलित मिळाले. या दोन्ही धरणांची पाणलोट क्षेत्रे सातपुड्याच्या वनांतच आहेत. २०१८ पासून राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाण पट्ट्यातील गावांचाही समावेश होता. तथापि अवर्षणाची उपाययोजना मैदानात व वणव्याची डोंगरात, अशी विभागणी बऱ्याच अंशी टिकून आहे. पावसाळ्याच्या अखेरीस तुटीचे स्वरूप स्पष्ट झालेले असते आणि वणव्याचा हंगाम त्यानंतर चार-साडेचार महिन्यांनी सुरू होतो. चारा-छावण्या, रोजगाराची कामे, जाळरेषांची साफसफाई आणि पऱ्हाट्यांची विल्हेवाट यांची एकत्र आखणी करण्यास हा अवधी पुरेसा आहे. तो मिळणे ही वऱ्हाडच्या हवामानाने दिलेली सवलत असून सुमात्रासारख्या प्रदेशास ती उपलब्ध नाही.